पणजोबांचं आडनाव

लग्नानंतर मी सासऱ्यांच्या घरी राहायला गेलो तो ‘जागा मिळेपर्यंत’. आमची मुलगी आता पाचवीत आहे. सासरे वावगा शब्द बोलत नाहीत. पण जेवताना त्यांच्या घराण्यातले डॉक्टर-वकील असे काही निघतात, की माझा घास घशात अडकतो. शेवटी ठरवलं, आपणही आपलं घराणं शोधायचं.

उत्साह दांडगा, खिसा फाटका. वंशावळ शोधून देणाऱ्या कंपनीचा दर ऐकून मी ‘राँग नंबर’ म्हणत फोन ठेवून दिला. फोन मीच लावला होता.

मग उरली आजोबांची धाकटी बहीण. तिकीट वाचवायला मित्राच्या टेंपोतून, गाद्यांच्या ढिगावर बसून तिच्या गावी गेलो. पोचलो तेव्हा अंगभर कापूस.

“गादीवाल्याला मी बोलावलं नव्हतं,” ती दारातूनच म्हणाली.

“आजी, मी तुझ्या भावाचा नातू. माझे पणजोबा, म्हणजे तुझे बाबा, मोठे सरदार होते ना?”

“कसले सरदार! बाबा कौलं बदलायला आले आणि छपरातून थेट आईच्या स्वयंपाकघरात पडले. पाय मोडला. आईनं सेवा केली. पाय बरा झाला, पण बाबा काही हलेनात. मग तिच्या वडिलांनी लग्न लावून दिलं, वर आपलं आडनावही दिलं.”

“म्हणजे... घरजावई?”

“जन्मभर! आणि छप्पर शेवटपर्यंत गळत राहिलं.” ती खुदकन हसली. “आई म्हणायची, पडला म्हणून सापडला.”

परतताना मी गाद्यांवर लोळत एक घोड्यावरचा सरदार तयार केला. तलवारीसकट. पण जेवताना बायको माझ्या केसांतला कापूस वेचत म्हणाली, “काय रे, काही कळलं का?” तिच्याकडे बघून माझा सरदार घोड्यासकट पळाला. मी खरं ते सांगून टाकलं आणि मान खाली घालून भात कालवत बसलो.

सासऱ्यांना हसता हसता ठसका लागला. बायकोनं पाठ चोळली तेव्हा कुठे त्यांना बोलता आलं.

“असला माणूस आमच्यात एक नाही हो,” ते डोळे पुसत म्हणाले. “सगळे मेले शिकलेले!”

हल्ली कोणीही पाहुणा आला की डॉक्टर-वकील राहतात बाजूला आणि आधी माझे पणजोबा पडतात. दर वेळी छप्पर थोडं उंच होतं. मी शेजारी बसून ‘हो, हो’ म्हणतो.