म्हाताऱ्याचा कोट आणि दोन पिल्लं

म्हाताऱ्या शिंप्याने चाळीस वर्षं दुकान चालवलं आणि एका दुपारी गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही चुकीची कापली. हात थरथरतात हे त्याने सहा महिने लपवलं होतं. त्या दिवशी ते लपेना. कात्री सुनेच्या हाती देऊन तो वरच्या खोलीत गेला, तो पुन्हा खाली उतरायचं नाव काढीना. सून हाका मारून दमली. "खाली माझं काय काम?" हे त्याचं एकच पालुपद.

मग मागच्या गल्लीतली मांजर गाडीखाली आली, आणि तिची दोन पिल्लं दुकानातल्या अस्तराच्या गठ्ठ्यात सापडली. जेमतेम डोळे उघडलेली. सुनेने प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेलं दूध पाजलं, पण पिल्लं शू करतील तर शपथ! "इतकी लहान पिल्लं आपणहून करत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आई चाटते तेव्हाच होतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून दर दुधानंतर शेपटीखाली हळूच पुसत राहा." सुनेने पुसलं. पिल्लं नुसती केकाटली. शेवटी तिने जिन्यातून हाक मारली, "बाबा, या ना जरा! माझ्याने होत नाहीये."

म्हातारा कुरकुरत उतरला. त्याने कापूस धरला. हात थरथरला तसा कापूसही भराभर थरथरला, आणि पिल्लाने त्याच्या तळहातावरच धार सोडली.

"झाली बोहनी!" तो ओरडला. दुसऱ्या दिवसापासून दुकानात सगळ्यात आधी तोच हजर.

चौथ्या आठवड्यात पिल्लं लुटूलुटू चालू लागली. आता त्यांना शू-शीसाठी जागा हवी, म्हणून म्हाताऱ्याने एक उथळ खोका घेतला आणि त्यात मऊ सुती चिंध्या भरल्या. शिंप्याला दुसरं काय सुचणार! पिल्लं दोन दिवसांत शिकली आणि म्हातारा फुशारकी मारत सुटला. ती नेमकं काय शिकली, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. कापड दिसलं की बसायचं, एवढंच त्यांनी डोक्यात घेतलं होतं. आणि त्या दुकानात कापडाला काय तोटा! आधी अस्तर झालं, मग सुनेची ओढणी, आणि बुधवारी एका वकीलबाईंचा शिवून तयार असलेला काळा कोट, खुर्चीवरून घसरून खाली पडलेला.

सुनेने कपाळावर हात मारला. "बाबा, शनिवारपर्यंत बघते. नाहीतर दोघांना डॉक्टरीणबाईंकडे सोडून येऊ."

"चूक त्यांची नाही, शिकवणाऱ्याची आहे."

"ते मलाही कळतं हो. पण कोट गेला ना?"

पिल्लं गेली की आपणही पुन्हा वर जाणार आणि मग उतरणार नाही, हे म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला भीती वाटत होती ती त्याचीच.

त्याने चिंध्या फेकल्या आणि जमिनीवरचं कापडन् कापड उचललं. शेजारच्या बांधकामावरून बारीक वाळू मागून आणली, चाळली, जुन्या ट्रेमध्ये पसरली. पिल्लू झोपून उठलं की ट्रेमध्ये, दूध प्यायलं की ट्रेमध्ये. त्याचा पुढचा पंजा बोटांत धरला की म्हाताऱ्याला वेगळं उकरून दाखवावं लागत नसे. हात आपोआप थरथरायचा आणि वाळू उडायची. सून फिनेल घेऊन ट्रे घासायला आली, तर तो तिच्यावरच उखडला. "थोडी ओली वाळू राहू दे गं! वासाशिवाय जागा कशी सापडेल त्यांना?"

शनिवारी सकाळी त्याने वरून स्वतःचा कोट आणला. मुलाच्या लग्नासाठी शिवलेला, धड हातांनी शिवलेला शेवटचा. ट्रेपासून हातभर अंतरावर तो जमिनीवर पसरला.

"अहो बाबा, तुमचा कोट!"

"मग परीक्षेला गिऱ्हाइकाचा मागू?"

पांढरं पिल्लू दूध पिऊन सरळ ट्रेमध्ये गेलं. तपकिरी मात्र वांड. ते कोटावर चढलं, गोल फिरलं, वास घेतला, नखांनी बटण ओढलं आणि चक्क उकरायला लागलं. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. त्याला बघवेना.

"बाबा," सून कुजबुजली, "बघा तरी."

त्याने डोळे उघडले तेव्हा कोट रिकामा होता. तपकिरी साहेब ट्रेमध्ये अत्यंत गंभीर चेहऱ्याने बसले होते. मग त्यांनी अर्धी वाळू बाहेर उडवून उरलेल्या अर्ध्या वाळूने काम झाकलं. म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

सुनेने कोट झटकला. एक बटण धाग्याला लोंबत होतं. तिने सुईत दोरा ओवला आणि सुई त्याच्यापुढे धरली.

"मी? वाकडं लागेल."

"लागू दे. कोट तुमचाच आहे."

पाऊण तास लागला. बोटाला तीनदा सुई टोचली आणि बटण थोडं तिरकंच बसलं. सुनेने ते जोरात ओढून पाहिलं. हललं नाही.

"पक्कं आहे," ती म्हणाली, आणि वकीलबाईंच्या नव्या कोटाची चार काळी बटणं त्याच्यापुढे ठेवली. "खडूने खुणा करून देते. घाई नाही, मंगळवारी द्यायचाय."