बाराव्या खणातलं रोप

मित्रांनो, मी एक जुना बर्फाचा ट्रे आहे. निळा, बारा खणांचा आणि एका कोपऱ्यात तडकलेला. हसू नका हं! बर्फाच्या ट्रेला कसली आलीय जीवनकथा, असं वाटत असेल तुम्हाला. पण माझ्याकडे एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिक, लोखंडी साचा, धप्पकन दाब, की झालो तयार! मनामाच्या बाजारातून अक्षताच्या आईने, म्हणजे सरिताने, मला नईम भागातल्या घरी आणलं. बहारीनच्या उन्हाळ्यात माझा केवढा थाट असायचा! गच्चीवरची टाकी इतकी तापते की निळ्या खुणेचा, म्हणजे गार पाण्याचा नळ सोडला तरी हात भाजतो. मग लोक गिझरच बंद करून टाकतात. घरातल्या सावलीत गिझरमधलं पाणी गार राहतं. म्हणजे सहा महिने लाल खुणेच्या नळाला गार पाणी आणि निळ्याला कढत. सगळंच उलटं! शिवाय छोट्या अक्षताच्या अंघोळीच्या बादलीत माझे खडे पडायचे. ती टाळ्या पिटायची.

मग मला तडा गेला. बारावा खण गळू लागला. घरात नवा फ्रिज आला, तो स्वतःच बर्फ करतो म्हणे. मी चार वर्षं ओट्याखाली पालथा पडून होतो. झुरळांशीसुद्धा ओळख झाली माझी.

यंदा ऑक्टोबरात आईने मला बाहेर काढलं. तिच्या हातात कागदाची एक पुडी होती. तिच्या बाबांनी भंडाऱ्याच्या घरामागे वर्षानुवर्षं धरलेलं काटेरी वांग्याचं बी होतं त्यात. बाबा उन्हाळ्यात गेले. मामाने मागच्या जागेत खोली बांधली, झाडं गेली. उरली ती एवढीच पुडी.

"अर्धं मागे ठेव ना," अक्षताचे बाबा हरिदास म्हणाले.

"अहो, बी जुनं हाय. पुढच्या वर्षी उगवायचंच नाही. आता नाही तर कधीच नाही."

अक्षताच्या बाबांनी सुई तापवून माझ्या खणांना भोकं पाडली. दुखलं, पण छान वाटलं. खाली राहणाऱ्या जमालुद्दीनचाचांनी पिशवीभर माती दिली. बाहेर अजून ऊन भाजत होतं, म्हणून मी एसीच्या खोलीत, खिडकीशी बसलो. इथे लागवडीचे दिवस नोव्हेंबरात येतात, तोवर रोपं घरातच वाढवायची.

आणि बाराही खणांत कोंब आले! आई रोज सकाळी मोजायची. पाणी घालायचं काम अक्षताचं. ती नुकतीच शाळेत हाऊस कॅप्टन झाली होती, त्यामुळे रोपांसमोरही भाषणच! बारावा खण मात्र मगाने पाणी घातलं की तड्यातून खालच्या ताटाबाहेर गळून टेबलावरची तिची पुस्तकं भिजवायचा. म्हणून आईने नियम केला होता, त्याला चमच्याने, प्यायच्या बाटलीतलं पाणी.

"हा बघा व्हीआयपी!" अक्षता त्याला चिडवायची.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी बाबा रात्रपाळी करून आले. सर्दीने बेजार झालेले. आई ऑफिसला गेली होती. त्यांनी हंगामात पहिल्यांदाच गिझर लावला, तासाभराने अंघोळ केली आणि झोपले. कुणाला काही बोलले नाहीत. अक्षताची बस यायची वेळ झालेली. तिने सवयीने लाल नळाखाली मग धरला आणि कानाला फोन लावून बोलत बोलत भराभर अकरा खणांत पाणी ओतलं.

वाफ तिला शेवटी दिसली. मला पहिल्याच खणात कळलं होतं. पण मी ओरडणार कसा?

संध्याकाळी आई आली तेव्हा अकरा रोपं उकडलेल्या पालेभाजीसारखी आडवी झाली होती.

"काहून झालं असन असं?" आई पुन्हा पुन्हा विचारत होती. "माह्या हातालाच गुण नाही."

अक्षता दप्तर उचलून दुसऱ्या खोलीत निघून गेली. एरवी क्षणभर गप्प न बसणारी पोरगी दोन दिवस माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

शुक्रवारी मामाचा व्हिडिओ कॉल आला. आईने सगळं सांगितलं.

"अगं, बी पोचट असन," मामा म्हणाला. "म्हाताऱ्यानं नीट वाळवलंच नसन."

आई मान डोलवू लागली. "हो रे. बाबांचंच चुकलं असन."

"नाही!" अक्षता ओरडली. "आजोबांचं बी मस्त होतं! बाराच्या बारा रोपं उगवली होती, आई! मी गरम पाणी ओतलं. लाल नळाचं. मला तेव्हाच कळलं होतं. आणि मी बोलले नाही."

आईने फोन पालथा ठेवला.

"गिझर मी लावला होता," बाबा हळूच म्हणाले. "मीही बोललो नाही."

आईने दोघांनाही "जाऊ दे" म्हटलं नाही. तिने माझ्या बाराव्या खणातल्या चार पानांवरची धूळ बोटाने पुसली. मग तिने चमचा अक्षताच्या हातात दिला.

"हे गेलं, तर माहे बाबा खलास. समजलं?"

मित्रांनो, ते रोप आता गॅलरीतल्या कुंडीत आहे. काल धुळीचं वारं सुटलं, तेव्हा अक्षता दप्तरासकट त्याच्यापुढे उभी राहिली. अजून फूल नाही. येईल का, मला माहीत नाही. मी रिकामा, कुंडीशेजारी वाट बघतोय.

तुम्हाला एवढंच सांगतो. कुणालाही पाणी घालण्याआधी त्यात स्वतःचं बोट बुडवून बघा. आणि चूक झालीच, तर त्याच दिवशी सांगा. रोपं मुकी असतात, ट्रेही मुके असतात. तोंड तुम्हाला आहे.