मागची डावी सीट

"नीलाबाईंना तुम्ही मागे का बसवता?" गुलाबरावांनी विचारलं.

मी चहा गाळत होतो. गुलाबराव आमच्या महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी. गाझियाबादला आमच्याच सोसायटीत, समोरच्या टॉवरमध्ये राहतात. ते शनिवारी संध्याकाळी घरी आले की समजावं, कुणीतरी पाठवलंय.

"मग कुठे बसवू? डिकीत?"

"चेष्टा नको, शांतारामजी. मागची डावी म्हणजे साहेबाची सीट. सरकारी नोकरीत जन्म गेला आपला. तुम्ही काय त्यांचे ड्रायव्हर आहात?"

"आहे," मी म्हणालो. "अलकाचाही होतो."

यात न समजण्यासारखं काही नाही. पक्षी माणसाला घाबरतो, गाडीला तेवढा घाबरत नाही. म्हणून फोटो गाडीतूनच काढायचे. पुढे बसलं की बाहेरचा आरसा मध्ये येतो. म्हणून काढणारा मागे डावीकडे बसतो आणि चालवणारा पाणी डावीकडे ठेवून गाडी हळूच नेतो. हे दोघांचं काम आहे. माझी बायको अलका शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने कॅमेरा घेतला आणि मी स्टेअरिंग. सुलतानपूर, सूरजपूर, ओखला, दिल्लीच्या आसपासच्या पक्ष्यांच्या जागा, दर रविवारी कुठेतरी. तिथले पहारेकरी तिला सलाम करायचे आणि मला ड्रायव्हर लोकांबरोबर शेकोटीपाशी बसायला सांगायचे. मी बसायचो. गप्पा चांगल्या व्हायच्या.

गेल्या गुढीपाडव्याला तिने ठरवलं, धनौरीजवळच्या एका तळ्याचं एक वर्ष काढायचं. दर महिन्याला एक फोटो, त्याच बांधावरून, त्याच विजेच्या खांबासमोरून. पाणी, त्या दिवशी पाण्यात जो कोणी असेल तो, आणि मागे उभे राहणारे टॉवर. कुणी म्हणालं, टॉवर कापून टाका, निसर्ग छान दिसेल, तर म्हणायची, "मग ते आपलं तळं कसं राहील?"

दिवाळीच्या तोंडावर तिला ताप आला आणि आठवड्यात ती गेली. वर्ष अर्ध्यावर राहिलं.

तेराव्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी एकटा तळ्यावर गेलो. माझे हात थरथरतात. फोटोत खांबसुद्धा दोन दिसले. मग मी नीलाबाईंना विचारलं. त्या अलकाच्याच शाळेत गणित शिकवायच्या, लग्न केलं नाही, कॅमेरा अलकाकडूनच शिकल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "खांब कुठला ते तुम्हाला नक्की माहीत आहे ना?" पुढचे दोन महिने त्यांनी काढले. आता माघ आणि फाल्गुन उरले होते.

"आम्ही एवढंच म्हणतो," गुलाबराव म्हणाले, "वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबा. मग खुशाल जा."

"तोवर तळं थांबेल?"

"अहो, माझी बायको सांगत होती, नीलाबाई तुमच्याकडे उशी घेऊन येताना दिसल्या. उशी! भर दुपारी."

मला हसू आलं. लेन्स टेकवायला गाडीच्या खिडकीत एक जड पिशवी लागते. अलकाने जाड कापडाची शिवून त्यात मसूर भरला होता. तेराव्याला माझी बहीण शेवंता आली, तिला ती कपाटात सापडली. तिला वाटलं, किडे लागू नयेत म्हणून वहिनीने मसूर शिवून ठेवलाय. तिने ती उसवली, मसूर निवडला आणि आमटी केली. मी दोनदा वाढून घेतली. नंतर कळल्यावर शेवंता रडायला लागली. मी म्हणालो, रडू नकोस, आमटी चांगली झाली होती. नीलाबाईंनी नवी पिशवी शिवली आणि तिच्यात राजमा भरला. तीच ही उशी.

गुलाबरावांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे तुम्ही मला सांगाल, सोसायटीला कोण सांगणार? त्यापेक्षा त्यांच्याकडून राखी बांधून घ्या. मंडळात, चारचौघांत. तोंडं बंद होतील."

"फोटो काढायला राखी कशाला?"

"तुम्ही ऐकणार नाही म्हणजे. आम्ही तुम्हा दोघांना सारसाची जोडी म्हणायचो. सारसाचा जोडीदार गेला की तो अन्न सोडतो म्हणतात."

"अलकाने एकट्या सारसाचा फोटो काढलाय. चांगला चरत होता. चहा घ्या, निवला."

त्यांनी उभ्याउभ्या चहा घेतला आणि गेले. तासाभरात सुधन्वाचा फोन आला. सुधन्वा माझा मुलगा. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे, तिकडेच राहतो.

"बाबा, यार, गुलाब अंकलचा फोन आला होता."

"त्यांचा चहा पचला नाही वाटतं."

"मजाक नको ना. मी नीला आंटींना काही बोलत नाहीये, शी इज नाइस. पण लोग बातें करतात. मी येतो ना तुमच्याबरोबर, पुढच्या संडेला."

"गेल्या महिन्यातही येणार होतास."

"ऑडिट होतं बाबा."

"तळ्याला ऑडिट कळत नाही. हा महिना संपत आला."

तो एकदम म्हणाला, "ती आईची सीट आहे, बाबा."

हे मात्र मला लागलं. हा मुलगा ज्यासाठी रागावला होता, त्यासाठी मी रागावू शकत नव्हतो.

"आईचीच आहे," मी म्हणालो. "म्हणून ती रिकामी ठेवून मी गाडी घरी उभी करायची? मग तिचं काम कोण करणार? तुम्ही सगळे तिच्या फोटोला हार घाला, मी अडवत नाही. पण तिने काढायला घेतलेलं वर्ष मी अर्धवट सोडणार नाही. तुला लाज वाटत असेल तर सांग, वडील ड्रायव्हर आहेत."

"मी असं कधी म्हटलं?"

"नाही म्हटलंस. जेव, झोप."

फोन ठेवल्यावर मला एकच भीती वाटली. मी ऐकणार नव्हतो, पण नीलाबाईंनी ऐकलं तर? एकट्या बाईला या सोसायटीत राहायचं होतं. मी त्यांना फोन केला.

"गुलाबराव माझ्याकडेही येऊन गेले," त्या म्हणाल्या. "राखीचं सांगत होते. मी म्हटलं, आत्ता बाजारात मिळणार नाही."

"तुम्हाला त्रास होत असेल तर..."

"शांतारामराव, चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर काय चालतं ते मला फळ्याकडे तोंड करून कळायचं. ह्यांचं काय घेऊन बसलात? आणि हो, उद्या मी तुमच्या पार्किंगमध्ये येणार नाही. मोठ्या गेटवर गाडी आणा."

सकाळी धुकं होतं. मोठ्या गेटवर दूधवाला होता, फिरायला निघालेली मंडळी होती, मफलर गुंडाळलेले गुलाबरावही होते. नीलाबाई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. मी गाडी थांबवली, उतरलो, वळसा घालून गेलो आणि साहेबासाठी उघडतात तसं मागचं डावं दार उघडून धरलं. तेवढं करायची गरज नव्हती. मला करायचं होतं.

"गुड मॉर्निंग, गुलाबराव," नीलाबाई आत बसताना मोठ्याने म्हणाल्या. "येताय का? पुढची सीट रिकामी आहे."

गुलाबराव काहीतरी पुटपुटले. दूधवाला हसला. आम्ही निघालो.

तळ्याच्या बांधावर नेहमीचा शेतकरी सायकल धरून उभा होता. अलकाशी तो फार बोलायचा, कुठल्या बाजूला कोण उतरलंय ते सांगायचा. गेले दोन महिने तो भेटला नव्हता. त्याने खिडकीत वाकून मागे पाहिलं.

"वो वाली मैडम ना आईं?"

"गुज़र गईं," मी म्हणालो. "दिवाली से पहले."

हे मी बाहेर कुणाला पहिल्यांदाच सांगत होतो. घरी सगळ्यांना आधीच माहीत होतं. त्याने सायकल स्टँडवर लावली. मग नीलाबाईंकडे बघून हळूच विचारलं, "ये आपकी रिश्तेदार?"

मागची काच खाली होती. नीलाबाईंना ऐकू जात होतं.

"ना," मी म्हणालो. "ये फोटो खींचती हैं. मैं गाड़ी चलाता हूँ."

त्याने मान डोलावली. त्याला ते पुरलं. "तो देर ना करो," तो म्हणाला, "जोड़ा खंभे के सामने ही बैठा है. ट्रैक्टर आवेगा तो उड़ जावेगा."

मी पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडली. पाणी डावीकडे. खूप आटलं होतं. धुक्यातून टॉवरचे वरचे मजले तेवढे दिसत होते, आणि कडेला दोन सारस.

अलका माझ्या सीटच्या पाठीवर बोट वाजवायची. एकदा वाजवलं की थांब, दोनदा वाजवलं की थोडं पुढे. तेव्हा आम्ही बोलत नसू. खांब जवळ आला तसा मी नकळत पाठ सीटला टेकून बसलो.

"हं, थांबा!" नीलाबाई मोठ्याने म्हणाल्या.

दोन्ही सारस उडाले.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या.

"बसतील परत," मी म्हणालो आणि इंजिन बंद केलं.