झोपून खेळायचे खेळ

मी वर गेले होते ती भांडायलाच. माझ्या छताला पाय फुटले होते. सकाळ म्हणू नका, संध्याकाळ म्हणू नका, ते आपले इकडून तिकडे धावत असायचे, आणि माझ्या दिव्याची शेड डुगडुगायची. उभा जन्म मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून कानांवर काढला. निवृत्त झाल्यावर कानांना जरा आराम मिळेल म्हटलं, तर डोक्यावर हा धुमाकूळ. शेवटी बाह्या सरसावल्या, जिना चढले आणि बेलवर बोट दाबून धरलं.

दार उघडलं चार वर्षांच्या पोरीनं. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून सगळी इमारत तिला भिंगरी म्हणते. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल. बाबा डोंगर झालाय.”

खोलीच्या मधोमध तिचा बाप उताणा पडला होता. पोटावर घरातल्या सगळ्या उशा रचलेल्या, आणि सगळ्यात वर एक प्लास्टिकची बकरी.

“या काकू,” डोळे न उघडता डोंगर म्हणाला. “बसा. फक्त मला हलवू नका, बकरी पडेल.”

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? त्यात त्याची बायको औषधांच्या दुकानातून संध्याकाळी उशिरा यायची, आणि बालवाडी सुटल्यावर पोरीला ठेवायचं कुठे ही त्यांची रोजची विवंचना. बोलता बोलता विषय निघाला आणि भांडायला गेलेली मी, पोरीला दुपारी सांभाळायचं कबूल करून खाली आले. माझी जीभ तिखट आहे, पण तिचा उपयोग ऐनवेळी होत नाही.

तिचा बाप मेकॅनिक. जिममधली यंत्रं दुरुस्त करायचं त्याचं काम. ट्रेडमिलचे पट्टे बदल, सायकलींच्या साखळ्यांना तेल घाल, वजनांच्या यंत्रांच्या तुटलेल्या तारा ओव. सगळ्या गावाच्या व्यायामाची सोय हा करणार आणि स्वतः मात्र माझ्या मजल्यापर्यंत चढला की भात्यासारखा धापा टाकणार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पोरगी झाली त्या वर्षी तो एकेक पायरी गाळत, शीळ घालत जिना चढायचा. मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मग कधीतरी शीळ बंद झाली. मग पायऱ्या गाळणं बंद झालं. आणि आता तो माझ्या दारासमोर थांबून बुटाची नाडी बांधायचा. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या, हे मी दाराच्या भोकातून पाहिलं होतं.

आळशी होता असं मी म्हणणार नाही. दिवसभर यंत्राखाली वाकून, जड लोखंड उचलून माणसाचं काय व्हायचं ते झालं होतं. रात्रीची झोप पोरीनं वाटून घेतलेली. आणि तरीही पोरीला ‘नाही’ म्हणवत नाही असा बाप. म्हणून त्यानं शक्कल काढली होती. झोपून खेळायचे खेळ! कधी तो डोंगर, कधी पूल, कधी चिखलात रुतलेली बस. सर्वांत लाडका खेळ म्हणजे पेशंट. त्यात पोरगी डॉक्टर होऊन त्याला दहा वेळा तपासायची आणि “अजिबात उठायचं नाही” असं सांगायची. पेशंट इतका आज्ञाधारक की मधूनच घोरायचा.

आम्ही सगळे यावर हसत होतो. मीही हसत होते. पोरगी खूश, बाप पडलेला, साप मेला आणि काठीही शाबूत.

मग एका दुपारी माझ्याकडे घर-घर सुरू झालं. समोरच्यांची छोटी आली होती, तिला आई व्हायचं होतं. आई झाली, पर्स घेऊन कामाला गेली, परत आली, बाहुलीला रागावली, खोटीखोटी भांडी घासली. भिंगरी बाबा होणार होती. ती दारातून आत आली, माझ्या सतरंजीवर पसरली आणि डोळे मिटले.

छोटी वाट बघून कंटाळली. “आता काय?”

“काही नाही,” भिंगरी डोळे मिटूनच म्हणाली. “झाला बाबा.”

मला हसू फुटलं. हसता हसता दाराकडे पाहिलं, तर तो उभा. हातात हत्यारांची पिशवी, कामावरून लवकर सुटला होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. कुणीतरी मुस्कटात मारावी तसा चेहरा झाला होता त्याचा, आणि माझं हसू तोंडातच राहिलं.

पोरी बाहुल्यांत रमल्या. तो आत न येता जिन्यातच बसला. मी चहाचे दोन कप घेऊन शेजारच्या पायरीवर बसले.

“मला वाटत होतं, मी फार हुशार आहे,” तो म्हणाला. “तिलाही खेळायला मिळतं, मलाही पाठ टेकायला मिळते.”

“हुशार आहेसच.”

“मग वाईट का वाटतंय काकू?”

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी आणि गप्प! “अरे, मागं ती तुझं बोट धरून ओढायची. ऊठ बाबा, ऊठ बाबा, खाली मला ऐकू यायचं. आता येतं का ऐकू? तुला उठवायचं सोडूनच दिलंय तिनं. रागानं नाही रे. बाबा असाच पडलेला असतो, असं धरून चाललीय ती.”

त्यानं कप खाली ठेवला. चहा तसाच होता.

“तिनं मला खेळायला बोलावणंच बंद केलं तर?” तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला की ऑपरेटरचे कान नसते तर ऐकूही आला नसता. “मी खूप दमतो, काकू. पण तिच्या आठवणीत मी एवढाच उरलो तर? सतरंजीवर पडलेला?”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चहा गार होतोय म्हणून सांगितलं.

कंबर कसून कामाला लागावं तर ते थोडं डोकं वापरून. पण नाही! त्या आठवड्यात जिममधून मोडीत काढलेलं एक ट्रेडमिल दोन हमालांनी वर चढवलं. यानं ते दुरुस्त केलं आणि माझ्या डोक्यावर घरघर सुरू झाली. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! शिवाय जिमच्या भिंतीवर लिहिलेलं असतं ना, नेहमी हसतमुख राहा, उत्साही राहा, तेही त्यानं मनावर घेतलं. जिन्यात भेटला की “काय काकू, मजेत ना!” असं ओरडायचा. आम्हाला नोकरीत शिकवायचे, हसून बोला, समोरच्याला हसू ऐकू येतं. खोटं हसूही तितकंच ऐकू येतं, हे मात्र शिकवायचे नाहीत. ते मी तीस वर्षांत आपलं आपण शिकले.

यंत्राचा निकाल भिंगरीनंच लावला. तिच्या आईनं दुसऱ्या दिवशी मला हसत हसत सांगितलं. बाप घामाघूम होऊन पट्ट्यावर पळत होता, पोरगी समोर मांडी घालून बसली होती. बराच वेळ बघून तिनं विचारलं, “बाबा, तू कुठे चाललायस?”

“कुठेच नाही गं.”

“मग थांब ना.”

“आणि तो थांबला,” त्याची बायको म्हणाली. “मशीन मात्र झकास आहे हं. पट्ट्यावर टॉवेल छान वाळतात.”

मला वाटलं, झालं, नव्याचे नऊ दिवससुद्धा भरले नाहीत. पुन्हा डोंगर, पुन्हा बकरी. संध्याकाळी तो पोरीला न्यायला आला तेव्हा मी मुद्दाम विचारलं, “वर्षभर बंद पडलेलं मशीन तू कसं सुरू करतोस रे?”

“रिकामं चालवतो आधी. हळू. थोडा वेळ. मग बंद करायचं, गार होऊ द्यायचं, परत लावायचं. एकदम जोर दिला तर मोटर जळते.”

“असं?” मी म्हटलं, आणि पोरीचे बूट त्याच्या हातात दिले.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बऱ्याच दिवसांनी खरं हसला.

त्या संध्याकाळी वर मोठं रडणं झालं. मला वाटलं पोरगी पडली. धावत गेले तर बाप खोलीत उभा आणि पोरगी त्याचे गुडघे धरून त्याला खाली ढकलतेय. “झोप! डोंगर उठत नाही! तू खेळ मोडलास!” बाप उठला तर पोरीलाच नको होतं. त्याचे डोळे भरून आले होते. मी दारातच थांबले. मध्ये पडायची सवय असूनही पडले नाही.

तो हळूच खाली बसला, तिच्या उंचीला आला.

“हा डोंगर जरा वेगळा आहे,” तो म्हणाला. “याची बकरी पळाली, तर हा तिला शोधायला उठतो.”

भिंगरीचं रडं हुंदक्यावर आलं. तिनं बकरीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

“खरंच उठतो?”

“थोडाच वेळ. मग दमतो. मग परत उठतो.”

तिनं बकरी उचलली आणि आतल्या खोलीत धूम ठोकली.

तेव्हापासून माझ्या छताला दोन माणसांचे पाय आहेत. आधी बारके पाय सुटतात, मागून जड पाय धपधपत जातात, शेड वेड्यासारखी हलते. मग एकदम सगळं थांबतं. ही थांबण्याची जागा मला पाठ झाली आहे. तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला असणार. पहिल्या दिवसांत ती शांतता फार लांबायची आणि मी भाजी ढवळायची थांबून वर बघत राहायचे. आज संपलं वाटतं, पडला वाटतं, असं मनात यायचं. आणि मग जड पाय पुन्हा सुरू व्हायचे. काही दिवस नाही व्हायचे, खोटं कशाला बोलू. काही दिवस तो सरळ पेशंट व्हायचा. पोट त्याचं अजून आहे तिथेच आहे, आणि जिना चढताना अजूनही तो वाटेत थांबतो. फक्त नाड्या बांधायचं नाटक करत नाही, कठड्याला धरून उघडपणे धापा टाकतो. शीळ परत आलेली नाही. मी वाट पाहते आहे, पण विचारणार नाही.

परवा दुपार कलताना समोरच्यांची छोटी पुन्हा आली आणि घर-घर मांडलं गेलं. आई कामाला जाऊन आली. मी निवडायला घेतलेली भाजी बाजूला ठेवली आणि कुणाला दिसणार नाही अशी बघत बसले. भिंगरी बाबा होती. ती सतरंजीकडे गेली नाही. बाहुलीला बकरी समजून तिनं खोलीभर पाठलाग केला, मग थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि तोंडानं मोठमोठ्यानं फू-फू करायला लागली.

छोटीला मागचा खेळ आठवत होता. “झाला बाबा?”

भिंगरीनं वाकूनच हात वर केला. “थांब.”

तेवढ्यात खाली जिन्यात पावलं वाजली. जड, ओळखीची. पहिला मजला आला, आणि मध्येच ती बंद झाली. छोटी दाराकडे निघाली, तशी भिंगरीनं तिला अडवलं. ओठांवर बोट ठेवून ती ऐकत उभी राहिली. तिचा चेहरा मी पाहिला. त्यात काळजी नव्हती, घाई नव्हती. आपलं माणूस थोडं मागे राहिलं आहे आणि येतंच आहे, एवढंच होतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

“तो गेला?” छोटीनं विचारलं.

“नाही गं,” भिंगरी म्हणाली. “बाबा असाच येतो.”

आणि जिन्यात पावलं पुन्हा वाजायला लागली.