धाकट्या साडूची भट्टी

नायोबियम धातूची कॅव्हिटी म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रातली, माळेतल्या मण्यांसारखी फुगीर नळी. द्रव हेलियममध्ये बुडवायची आणि आतलं विद्युतक्षेत्र वाढवत न्यायचं. कणांना ती जितका जोराचा धक्का देईल, तितकी ती गुणी. पण आत कुठे सुईच्या टोकाएवढा दोष राहिला, तर तो ठिपका तापतो आणि क्षणात सगळी अतिसंवाहकता गायब. याला क्वेंच म्हणतात.

थोरला साडू वीस वर्षं कॅव्हिटी घासत होता. त्याची मीटरमागे एकतीस मेगाव्होल्टला मान टाके. त्याच प्रयोगशाळेतल्या धाकट्या साडूची चाळिसावर गेली. का, तर चाचणीआधी कॅव्हिटी भट्टीत एकशेवीस अंशांवर भाजतात; त्याच्या भट्टीचा नियंत्रक बिघडला, आणि तिथवर जाण्याआधी कॅव्हिटी चार तास पंच्याहत्तरवर रेंगाळली. धाकटा तेव्हा डुलकी काढत होता.

"डुलकीलाही पद्धत म्हणायचं का आता?" थोरल्याने घरी विचारलं.

"तुम्ही वीस वर्षं जागे राहून काय दिवे लावलेत?" बायको म्हणाली. धाकट्याची बायको तिची सख्खी बहीण, त्यामुळे बातमी थोरल्याआधी घरी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख बाईंनी त्याला बोलावलं. "तुमच्या कॅव्हिटीवर तसंच करून बघा. तुमच्याइतकं चोख काम कुणाचं नाही. वर गेली तर पद्धत तुमच्या साडूंच्या नावाने. नाही तर योगायोग म्हणू आणि विषय बंद."

विषय बंद करणं किती सोपं! तापमान दहा अंश इकडेतिकडे, की झालं. त्याने बोट बटणापर्यंत नेलंही. पण हाताला चुकायची सवयच नव्हती. बोट मुकाट पंच्याहत्तरवर थांबलं. चार तास तो भट्टीसमोर पापणी न लववता बसला.

चाचणीत आकडा चढू लागला. बत्तीस. 'कोसळ गं बाई,' तो मनात म्हणाला. पस्तीस. अडतीस. चाळिसाला धाकटा मागे येऊन उभा राहिला, आणि थोरल्याच्या मनाने बेशरमपणे पक्ष बदलला: 'आता पडशील तर याद राख!'

बेचाळिसाला क्वेंच झाली.

विक्रम! थोरला वळला. चेहऱ्यावर नम्रता आणायला थोडा वेळ लागला, तेवढ्यात धाकट्याने त्याला मिठी मारली.

"साडूभाऊ, तुम्ही नसता तर माझ्या पद्धतीला कुत्रं विचारत नव्हतं!"

बाईंनी फळ्यावर धाकट्याच्या पद्धतीपुढे 'सिद्ध' लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात बेचाळीस. त्या गेल्यावर थोरल्याने पेन घेऊन तो आकडा जरा गिरवला.

"अजून ठळक करा," धाकटा मनापासून म्हणाला. "पद्धतीलाच शोभा येईल."