केरेन्साची राखीव संख्या

माझा स्वभाव चोंबडा आहे, हे आधीच कबूल करते. तीस वर्षं मूंटा गावच्या शाळेत गणित शिकवलं की माणसाला दुसऱ्याच्या वहीत डोकावल्याशिवाय राहवत नाही.

क्लेम ट्रिलोर शेजारच्या वॉलरू गावी धान्यगोदामात वजनकाट्यावर होता. त्याची एकुलती एक मुलगी केरेन्सा माझी विद्यार्थिनी, पुढे ॲडलेडला गणितच शिकायला गेली. सुट्टीत घरी आली तेव्हा तिने एकशे त्र्याण्णव आकडी एक संख्या फोडायला, म्हणजे तिचे अवयव शोधायला घेतली. ती मूळ संख्या नाही, हे चाचणीने क्षणात सिद्ध होतं. पण ती कशाकशाचा गुणाकार आहे, ते त्या चाचणीत कळत नाही. ते शोधायला कॉम्प्युटर चाचपडत बसतो, दर प्रयत्नाला नवा सुरुवातीचा आकडा घेऊन. अशा न फुटलेल्या संख्यांची हौशी लोकांनी एक यादी ठेवली आहे. तिथे तुमचं नाव लागलं की ती संख्या तुमच्यासाठी राखीव, दुसरं कुणी हात लावत नाही. केरेन्साचं नाव लागलं, दिवसभर मशीन चाललं, आणि दुसऱ्या दिवशी कडीना गावच्या रस्त्यावर तिची गाडी उलटली आणि ती गेली.

त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून क्लेम रोज सकाळी मशीनवर तिच्या प्रोग्रॅमची फाइल चालू करायचा आणि दर मंगळवारी मी त्याच्याकडे पास्टी, म्हणजे सारण भरून भाजलेली मोठी करंजी, खायला जायची. ती संख्या फुटलेली बघण्यासाठीच म्हातारा जगतोय, असं मी धरून चालले होते.

फेब्रुवारीत एकदा तो ओव्हनपाशी होता, तेव्हा मी त्या फाइलमधली, मशीनला काम सांगणारी तिची ओळ पहिल्यांदा नीट वाचली. इतकी वर्षं धीर झाला नव्हता. वाचली आणि चूक दिसली. पोरीने तपासणीपुरता सुरुवातीचा आकडा ठरवून दिला होता आणि तो काढायचा राहिला होता. म्हणजे मशीन रोज पहिल्याच दिवसाचे प्रयत्न पुन्हा करत होतं. सात वर्षं!

"काय मास्तरीणबाई, चूक सापडली की काय?" क्लेमने आतून विचारलं.

"सापडली. कॉम्प्युटरचा पडदा पुसत जा जरा, बोटभर धूळ आहे."

घरी येऊन मी तो आकडा काढला आणि माझ्या मशीनवर काम लावलं. अकराव्या दिवशी सत्तेचाळीस आकडी अवयव मिळाला. भागून पाहिलं, बाकी शून्य. आनंदाने मला रडू फुटलं. यादी सांभाळणाऱ्यांना तेव्हाच कळवून टाकलं. शोधणारी म्हणून केरेन्साचं नाव दिलं.

मंगळवारी कागद क्लेमपुढे ठेवला. त्याने आकड्यावरून बोट फिरवलं.

"हे माझ्या मशीनवर नाही आलं."

"आलं रे. तुझ्या लक्षात आलं नसेल."

"ग्लेनिस, दोन ट्रकांची वजनं तंतोतंत सारखी आली तर मी लबाडीच्या संशयाने ड्रायव्हरला खाली उतरवायचो. आणि हे माझ्या लक्षात येणार नाही?"

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात कळलं. त्याच ओळी, त्याच क्रमाने."

"मग मला विचारायचं नाही का, मूर्खा?"

"तू दुरुस्त केलं असतंस."

तो पडद्याकडेच बघत होता.

"तो तिचा दिवस होता गं. टोस्ट हातात घेऊन यायची, पडद्यात डोकवायची, 'बाबा, अजून नाही' म्हणायची. साडेदहाच्या सुमाराची ओळ आली की मला कळायचं, ह्या वेळी ती इथे उभी होती."

"मग चालू ठेव की. कुणी बंद कर म्हटलंय?"

"आता 'अजून नाही' कसं म्हणणार ती? फुटली ना संख्या."

असं कुणाचं काही मी आयुष्यात मोडलं नव्हतं. माफी मागितली, त्याने नुसती मान हलवली. मग वाकून त्याने मशीनचं बटण दाबलं. पंखा थांबला. पुढ्यातली पास्टी गार झाली होती, आम्ही कुणीच तिला हात लावला नाही.

"उद्या सकाळी उठून काय करू, ते तेवढं सांग," क्लेम म्हणाला.