गिलाव्याखालचा गंज

सन एकोणीसशे अडुसष्ट. हिवाळा नुकताच सरला होता. त्या वर्षी मला या खाचेत उतरवलं. मी कालव्याचा लोखंडी दरवाजा. बोलायची सवय नाही. एकदाच सांगतो.

दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, डोक्यावर आट्यांचा जाड दांडा आणि तो फिरवायला चाक. चाक फिरलं की मी खाली, उलटं फिरलं की वर. मला विचारल्याशिवाय पाणी पुढे गेलं नाही. गर्व म्हणा हवं तर.

पहिला राखणदार खडूस होता, पण कामाला चोख. पाणी असो नसो, दर महिन्याला मला खालीवर करायचा. म्हणायचा, "लोखंड बसलं की बसलंच." तो गेला आणि रंगाचे दिवस आले.

मोठे साहेब पाहणीला येणार कळलं की माणसं डबा-ब्रश घेऊन धावतात. गंज खरवडत नाहीत, त्यावरच रंग फासतात. माझ्या दांड्याचे आटेसुद्धा रंगवले. साहेब म्हणाले, छान. मी अर्ध्यावर अडकलो, कुणाला पत्ता नाही.

भिंतीचंही तेच. आतल्या सळ्या गंजून फुगल्या, काँक्रीटला पोट सुटलं. गवंड्याने ते फोडलं नाही, वरून गिलावा मारला. माझ्या उजव्या खाचेत, तळाशी, तो फुगवटा तसाच राहिला.

यंदा कालवा दुरुस्तीला काढला. वरच्या अंगाला मातीचा बांध घालून पाणी अडवलं. इंजिनिअर बाईंनी मला पाहिलं आणि गॅसने कापायला सांगितलं. त्यांचं चुकलं नाही. जो हलत नाही, तो दरवाजा कसला?

म्हातारा फिटर आडवा आला. "बाई, रस्त्याखालच्या मोरीचं काम होईपर्यंत थांबा. याला मी हलवतो. नाही हलला तर मीच कापतो."

बाई थांबल्या. फिटरचं ते ऋण माझ्यावर चढलं.

फिटर तारेच्या ब्रशने आट्यांतला रंग काढायचा, रॉकेल सोडायचा, हातोडीने ठोकायचा आणि माझ्याशी बोलायचा. तो गवंडी म्हणजे त्याच्याच बायकोचा धाकटा भाऊ. माझ्या पुढे कालवा रस्त्याखालच्या मोरीतून जातो, तिथे त्याचं काम चाललं होतं. जाता-येता टोमणा ठरलेला.

"दाजी, ताईशी कधी एवढं बोललात का?"

"तुझी ताई ऐकते कुठे? हा ऐकतो."

"भंगार आहे ते. द्या टाकून."

"आधी तुझा तो गिलावा फोड. खाचेत आलाय."

"उद्या, दाजी. मोरी संपू दे."

असा उद्या रोज व्हायचा.

एका दुपारी मी हललो. बोटभरच. फिटर नुसता चाकावर हात ठेवून उभा राहिला. तेवढ्यात वरचा बांध खचला.

आधी आवाज आला, मग गढूळ पाणी. गवंडी मोरीच्या आत, गुडघ्यांवर, तोंड भिंतीकडे. फिटरने हाक मारली, ती मोरीत पोचली नाही. तो चाकाला भिडला. बाई धावत आल्या, त्याही भिडल्या. मी खाली निघालो. तळापासून हातभर वर माझी उजवी कड त्या फुगवट्यावर बसली. थांबलो. पाणी माझ्याखालून मोरीकडे धावलं.

"जोर लावा, बाई!"

"अहो, दरवाजा मोडेल!"

"मोडू दे!"

दोघांनी चाक रेटलं. माझी कड वाकली, पत्रा फाटला आणि गिलावा, काँक्रीट, सळई, सगळं ढासळलं. मी तळावर बसलो. पाण्याने छातीवर धडक दिली. दिली तर दिली.

गवंडी मोरीच्या पलीकडच्या तोंडातून बाहेर पडला. छातीपर्यंत भिजलेला, थापी हातातच. फिटरसमोर येऊन उभा राहिला.

"दाजी, ताईला सांगू नका."

"गिलावा तुझाच होता," फिटर म्हणाला. मग त्याच्या हातातली थापी काढून घेतली आणि त्याला जवळ ओढलं.

आता मी खाचेत वाकडा रुतलोय. पुन्हा वर जाणार नाही. पाणी ओसरलं की गॅस येईल. फिटर बाईंना म्हणाला, "कापायचाच तर मीच कापतो." ठीक आहे. परक्या हातापेक्षा बरं.

माझ्या जागी नवा येईल. त्याला रंग द्या, पण आधी खरवडा. भिंतीला गिलावा द्या, पण आधी फोडा. आणि त्याला हलता ठेवा.

फिटरने मला कापू दिलं नव्हतं. मी त्याचा मेहुणा त्याला परत दिला. ऋण फिटलं.